मेरीझ बास्तिए: ३७ तास ५५ मिनिटं एकटीने हवेत

आज प्रवासी विमानाचा बराचसा प्रवास ऑटोपायलट सांभाळतो. सॉफ्टवेअरच्या आधी हे काम माणूस कसं करायचा, असं मला कोणी विचारलं तर मी मेरीझ बास्तिए यांचं नाव सांगतो.

सुरुवात
जन्म १८९८, फ्रान्समधलं लिमोज शहर. लहान वयातच बुटांच्या कारखान्यात नोकरी. पती लुई पायलट होते. मेरीझ यांनी १९२५ मध्ये लायसन्स मिळवलं आणि पुढच्याच वर्षी पती विमान अपघातात गेले. तरी त्यांनी उडणं सोडलं नाही. इतरांना विमान चालवायला शिकवून त्या कमवू लागल्या. १९३५ मध्ये ऑर्लीला स्वतःची फ्लाइंग स्कूलही काढली.

विक्रम
सप्टेंबर १९३० मध्ये त्या सलग ३७ तास ५५ मिनिटं एकट्या हवेत होत्या. विमान हलकं, इंजिन फक्त ४० हॉर्सपॉवरचं. डुलकी लागली की खेळ खल्लास!

डिसेंबर १९३६ मध्ये डकार ते ब्राझीलमधलं नाताल, म्हणजे अख्खा दक्षिण अटलांटिक, त्यांनी १२ तास ५ मिनिटांत एकटीने पार केला. जीपीएस नव्हतं. होकायंत्र, घड्याळ आणि डोक्यातला हिशोब, यावरच भिस्त.

मताचा हक्क
एवढं करूनही त्यांना मतदान करता येत नव्हतं. १९३४ मध्ये त्या महिलांच्या मताधिकाराच्या मोहिमेत उतरल्या. फ्रान्समध्ये तो हक्क मिळाला १९४४ मध्ये.

६ जुलै १९५२ रोजी ल्योंजवळ विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.