गिरणी ते बाजार : फिनिक्स मिलचे स्थित्यंतर आणि गिरणगावाची वाङ्मयीन स्मृती

औद्योगिक इमारतींचे व्यापारी संकुलांत होणारे रूपांतर हा विषय सामान्यतः नगररचना आणि वास्तुसंवर्धन या शास्त्रांच्या कक्षेत येतो. तथापि ज्या शहराच्या भाषेत, नाट्यात आणि कवितेत त्या इमारतींना स्वतःचे स्थान मिळाले आहे, तेथे या रूपांतराचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही. मुंबईतील लोअर परळ भागात सेनापती बापट मार्गावर असलेली फिनिक्स मिल हे या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण होय. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या या कापड गिरणीच्या आवारात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुकाने, उपाहारगृहे व करमणुकीची केंद्रे येत गेली आणि कालांतराने तेथे देशातील प्रसिद्ध खरेदी-संकुल उभे राहिले. गिरणीची चिमणी मात्र ठेवण्यात आली. आज संकुलात येणाऱ्यास तेथे पूर्वी काय होते याची जाणीव करून देणाऱ्या गोष्टी दोनच : एक ही चिमणी आणि दुसरे ‘फिनिक्स’ हे नाव. इमारतीचे रूपांतर होताना त्या वास्तूशी निगडित स्मृतीतील कोणता भाग शिल्लक राहतो, कोणता गळून पडतो आणि गळून पडलेला भाग वाङ्मयात कितपत सापडतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मुंबईच्या कापडधंद्याचा प्रारंभ कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या आणि १८५६ मध्ये उत्पादन सुरू केलेल्या गिरणीपासून मानला जातो. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा या घटनेला दशकही लोटले नव्हते. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, वरळी, शिवडी, भायखळा या भागांत गिरण्यांची दाटी झाली आणि त्या परिसराला ‘गिरणगाव’ हे नाव पडले. या नावातील ‘गाव’ हे पद अर्थपूर्ण आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार शहरात राहत असला तरी त्याच्या वस्तीची घडण गावकीच्या नात्यांवर झाली होती. एका गावची माणसे एका गाळ्यात राहत, एकाच खाणावळीत जेवत आणि बहुधा एकाच मुकादमाच्या ओळखीने कामाला लागत. गिरणीचा भोंगा हे या वस्तीचे घड्याळ होते. पाळी, रातपाळी, खाडा, बदली, साचेखाते, धोटा, बाबीण हे शब्द गिरणीच्या फाटकातून घराघरात आले आणि तेथून साहित्यात गेले.

या वस्तीच्या वाङ्मयाची दोन वळणे लक्षात घेतली पाहिजेत. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ या कादंबरीने यंत्राच्या एका भागाचे नाव मराठी कादंबरीच्या शीर्षकात आणले. ही मध्यमवर्गीय लेखकाची दृष्टी होती. सहानुभूती असली तरी ती बाहेरून पाहणाऱ्याची होती. दुसरे वळण कामगारांतूनच आलेल्या लेखकांचे. अण्णाभाऊ साठे यांनी गिरणीत काम केले होते. त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथकाची उभारणी केली आणि तमाशाच्या परंपरेतून लोकनाट्याचा नवा घाट सिद्ध केला. गिरणी कामगाराने सांभाळलेल्या नारायण सुर्वे यांचे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) व ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हे संग्रह प्रसिद्ध झाले, तेव्हा कामगार हा कवितेचा विषय न राहता तिचा बोलणारा झाला. परळचे दामोदर नाट्यगृह, चाळींतील गणेशोत्सव आणि भजनी मंडळे यांनी या वाङ्मयाला श्रोता व प्रेक्षक दिला. गिरणी आणि हे वाङ्मय यांचा संबंध विषय व लेखन एवढ्यापुरता नव्हता. गिरणीच्या पगारावर जगणारा प्रेक्षकवर्ग हाच त्या वाङ्मयाचा आधार होता.

ही व्यवस्था मोडण्याचे निमित्त १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाचे. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे यांबरोबरच, एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हावा, हीही मागणी होती. संप वर्षाहून अधिक काळ रेटला गेला. तो अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. लाखाहून अधिक कामगार कायमचे कामाला मुकले. मात्र गिरण्यांच्या अस्तामागे संप हे एकच कारण नव्हते. यंत्रसामग्रीचे नूतनीकरण न होणे, भिवंडी-इचलकरंजीसारख्या ठिकाणी यंत्रमागांवर होणारे स्वस्त उत्पादन आणि शहराच्या मध्यभागी असलेल्या जमिनीचे वाढत गेलेले मोल या साऱ्यांचा तो एकत्रित परिणाम होता. कापड विणण्यापेक्षा ज्या जमिनीवर कापड विणले जाते ती जमीनच अधिक मोलाची ठरली, तेव्हा गिरणीचे भवितव्य निश्चित झाले.

जमिनीच्या या प्रश्नाला कायद्याची चौकट १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने दिली. गिरणीची जमीन विकसित करताना तिचे स्थूलमानाने तीन वाटे करावेत. एक महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, दुसरा सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि तिसरा मालकाकडे, अशी त्यामागील कल्पना होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली. गिरण्यांच्या आवारांतील बहुतेक जागा बांधकामाने व्यापलेली असल्याने सार्वजनिक वाटा अत्यल्प उरला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये दिलेला निर्णय सार्वजनिक वाट्याच्या बाजूचा होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती कायम राहिली. या तपशिलाचा वाङ्मयाशी संबंध असा की, गिरणगावात कोणती वास्तू स्मृती म्हणून उरावी हे बहुतांशी या नियमाच्या अन्वयार्थाने ठरले. लेखक, कामगार वा वास्तुतज्ज्ञ यांचा त्या निर्णयात फारसा वाटा नव्हता.

फिनिक्स मिलच्या आवारात चिमणी राखली गेली, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु चिमणी राखणे म्हणजे नेमके काय राखणे, हे तपासले पाहिजे. कापड गिरणीचे कार्य साचेखात्यात आणि कताईच्या खात्यांत चाले. चिमणी ही त्या कार्याची केवळ बाह्य खूण होती. आत काम करणाऱ्यास ती दिसतही नसे. ती दिसे दुरून पाहणाऱ्यास. म्हणून गिरणीचे बाजारपेठेत रूपांतर होताना चिमणी सहज सामावली जाते. तिला श्रमाचा तपशील चिकटलेला नसतो, ती कोणताही प्रश्न उपस्थित करीत नाही आणि ग्राहकाला जुनेपणाची एक सुखद छटा मिळते. साचेखाते तसेच्या तसे राखले असते तर त्याबरोबर आवाज, उष्मा, कापसाची तूस आणि खात्याखात्यांतील भेद हेही सांगावे लागले असते.

या भेदांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. कताई विभागाच्या तुलनेत विणकाम विभागात मिळकत अधिक होती. पण धोट्यातील बाबीण बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. विटाळाच्या कल्पनेने दलित कामगारांना त्या खात्यात मज्जाव होता. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. म्हणजेच ‘गिरणगावाची एकसंध कामगार संस्कृती’ ही कल्पनाही काही अंशी चिमणीसारखीच आहे : दुरून पाहता एक, आत शिरल्यावर अनेक खात्यांत विभागलेली. गिरणगावाच्या ऱ्हासाविषयी हळहळ व्यक्त करणारे लेखन हे विस्मरणात टाकते, तेव्हा तेही बाजाराप्रमाणेच सोयीची स्मृती जतन करीत असते.

तौलनिक दृष्टीने पोलंडमधील वूच (लोड्झ) या शहराचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. एकोणिसाव्या शतकात तेही कापडधंद्यावर वाढले. इझ्राएल पोझ्नान्स्की या ज्यू उद्योजकाची तेथील विटांची प्रचंड गिरणी ‘मानुफाक्तुरा’ या नावाने २००६ मध्ये खरेदी-संकुल म्हणून खुली झाली. लाल विटांच्या दर्शनी भिंती जतन करण्यात आल्या आणि संकुलात गिरणीच्या इतिहासाचे एक संग्रहालयही ठेवण्यात आले. या शहराला त्यापूर्वीच दोन थोर कादंबऱ्या लाभल्या होत्या. व्वादिस्वाव रेमाँट यांची, ‘वचनभूमी’ असे जिचे नाव मराठीत देता येईल, ती पोलिश कादंबरी १८९९ ची. आंद्रेय वायदा यांनी १९७५ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. यिद्दिशमध्ये इस्राएल जोशुआ सिंगर यांनी ‘अश्केनाझी बंधू’ १९३६ मध्ये लिहिली. या दोन्ही कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी मालकवर्ग आहे. गिरणी म्हणजे महत्त्वाकांक्षेचे आणि नैतिक अधःपाताचे क्षेत्र, अशी त्यांची मांडणी आहे.

मराठीत याच्या नेमके उलट घडले. मुंबईचा गिरणीमालक प्रामुख्याने पारशी, गुजराती वा मारवाडी होता. कामगार बहुसंख्येने मराठी होता. परिणामी मराठी वाङ्मयात मालक हा क्वचितच पूर्ण व्यक्तिरेखा म्हणून येतो आणि गिरणी दिसते ती मुख्यतः चाळीच्या बाजूने. वूचच्या वाङ्मयाने गिरणी आतून, पण वरून पाहिली. मुंबईच्या वाङ्मयाने ती खालून, पण पुष्कळदा फाटकाबाहेरून पाहिली. या फरकाचा परिणाम रूपांतरानंतरच्या स्मृतीवरही झालेला दिसतो. वूचमध्ये मालकाचा महाल हे शहराचे संग्रहालय झाले आणि कादंबरीतील शहर इमारतींतून दाखवता येऊ लागले. मुंबईत जे वाङ्मयात आले होते ते चाळीत, खाणावळीत आणि नाक्यावर घडले होते. गिरणीची वास्तू पूर्णपणे जतन झाली असती तरी ते तिच्यात सापडले नसते. त्यासाठी चाळ टिकणे आवश्यक होते आणि पुनर्विकासात चाळींवरच प्रथम घाला पडला.

संपोत्तर काळाचे महत्त्वाचे मराठी नाटक म्हणजे जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७). गिरणी बंद पडल्यानंतरच्या एका कामगार कुटुंबाची वाताहत हा त्याचा विषय. गिरणी येथे रंगमंचावर येत नाही. तिचे नसणे हेच नाटकातील प्रत्येक पात्राच्या वागण्याचे कारण आहे. ज्या संपाला अधिकृत शेवट नव्हता, त्याचा शेवट कसा दाखवावा, या प्रश्नाला नाटकाने शीर्षकातच उत्तर दिले आहे. पुढे पवार यांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि त्याला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. केवळ शीर्षकाचा विचार केला तरी त्यातील अदलाबदल लक्षणीय आहे. युरोपीय मिथकानुसार राखेतून फिनिक्सच पुन्हा जन्मास येतो. येथे उठतो तो दुसराच पक्षी. राख एकाची आणि पिसारा दुसऱ्याचा, या प्रतिमेत लोअर परळच्या स्थित्यंतराचे वर्णन आपसूक आले आहे. ज्याचे भस्म झाले त्याचा पुनर्जन्म झालेला नाही, हे सत्य कंपनीच्या नावातील मिथक झाकून टाकते आणि कथासंग्रहाचे नाव ते उघडे करते.

गिरण्यांच्या जमिनींची पुढील वाटचाल अनेक दिशांनी झाली. दादरच्या इंदू मिलच्या जागी डॉ. आंबेडकरांच्या स्मारकाचे काम सुरू झाले. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला. २०१२ मध्ये गिरणी कामगार व वारसांसाठी ६,९२५ घरांची सोडत निघाली. दीर्घकाळ चाललेल्या कामगार चळवळीचे ते फळ होते, परंतु अर्जदारांची संख्या लाखाच्या पुढे होती. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जणांचा बळी गेला. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या व उपाहारगृहे आली तरी परिसराचे रस्ते, पूल आणि सुरक्षाव्यवस्था त्या प्रमाणात बदलली नव्हती, हे या दोन घटनांनी दाखवून दिले.

या विवेचनावरून असे दिसते की, गिरणीच्या रूपांतरात वास्तूचे संवर्धन आणि स्मृतीचे संवर्धन या भिन्न गोष्टी ठरतात. बाजाराने चिमणी राखली, नाव राखले. काम आणि कामाची भाषा राखण्याचे त्याला प्रयोजन नव्हते. ती भाषा आज सापडते ती नाटके, कविता, लोकनाट्ये आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी संकलित केलेल्या मौखिक इतिहासासारख्या ग्रंथांत. परंतु या साधनांनाही मर्यादा आहेत : त्यांत मालक अंधुक आहे, स्त्री कामगाराचा आवाज क्षीण आहे आणि खात्याखात्यांतील जातिभेद पुष्कळदा वर्गाच्या एकोप्याखाली झाकला गेला आहे. मराठीबरोबर मदनपुऱ्यातील उर्दू, मालकवर्गाची गुजराती आणि उत्तर भारतीय कामगारांची हिंदी या भाषांतील साधने एकत्र वाचली गेली, तरच गिरणगावाचे वाङ्मयीन चित्र पूर्ण होण्याची शक्यता आहे. साचेखाते, धोटा आणि बाबीण हे शब्द रोजच्या कामात वापरलेली पिढी वृद्धत्वाकडे झुकली आहे. त्यामुळे हे काम विलंब न लावता करण्याचे आहे. अन्यथा पुढील अभ्यासकाच्या हाती गिरणीविषयीचा पुरावा म्हणून खरेदी-संकुलातील एक चिमणी तेवढी उरेल.