सोपाधिक अनुमान

सोपाधिक अनुमान : ‘जर अमुक, तर तमुक’ अशा स्वरूपाच्या विधानास सोपाधिक विधान म्हणतात. त्यातील ‘जर’ने सुरू होणारा भाग पूर्वांग व ‘तर’ने सुरू होणारा भाग उत्तरांग होय. असे विधान आधारभूत मानून निष्कर्ष काढणे म्हणजे सोपाधिक अनुमान. तार्किक कोडी सोडविताना, तसेच कायद्याचे कलम लावताना किंवा रोगनिदान करताना या अनुमानाचा आश्रय घ्यावा लागतो. पूर्वांग स्वीकारून उत्तरांग स्वीकारणे आणि उत्तरांग नाकारून पूर्वांग नाकारणे, हे त्याचे दोन प्रकार युक्त आहेत. उत्तरांगावरून पूर्वांग सिद्ध करणे किंवा पूर्वांग नाकारून उत्तरांगही नाकारणे, हे तर्कदोष ठरतात. उदा., ‘पाऊस पडला, तर अंगण भिजते’ हे मान्य केले, तरी ओल्या अंगणावरून पाऊस पडल्याचे सिद्ध होत नाही. सडा घातल्यानेही अंगण भिजते. मात्र अंगण कोरडे असेल, तर पाऊस पडलेला नाही, हे निश्चित.

या प्रकारच्या अनुमानाचा पद्धतशीर विचार प्राचीन ग्रीसमध्ये मेगारियन व स्टोइक पंथीयांनी केला. सोपाधिक विधान सत्य केव्हा मानावे, याविषयी डायोडोरस क्रोनस व त्याचा शिष्य फिलो यांच्यात मतभेद होता. फिलोच्या मते पूर्वांग सत्य व उत्तरांग असत्य असेल, तेव्हाच असे विधान असत्य ठरते. एरवी ते सत्य असते. डायोडोरसच्या मते असे घडणे कधीही शक्य नसावे लागते. ‘दिवस असेल, तर मी बोलत आहे’ हे विधान भरदिवसा बोलणाऱ्याच्या बाबतीत फिलो सत्य मानील. डायोडोरस मानणार नाही, कारण दिवसा गप्प बसणेही शक्य आहे. पुढे क्रिसिपसने (इ. स. पू. सु. २७९–२०६) सिद्धतेची गरज नसलेले पाच मूलभूत युक्तिवाद मांडले. त्यांतील पहिले दोन म्हणजे वर सांगितलेले दोन युक्त प्रकारच होत.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न कोड्याच्या रूपाने पुन्हा पुढे आला. ऑक्सफर्डचे गणितज्ञ चार्ल्स डॉजसन (१८३२–९८) यांनी लूइस कॅरल या टोपणनावाने १८९४ मध्ये माइंड या नियतकालिकात एक कूटप्रश्न प्रसिद्ध केला. ॲलन, ब्राउन व कार हे तीन न्हावी एक दुकान चालवितात. दुकानात सदैव किमान एक जण असतोच आणि ॲलन ब्राउनला सोबत घेतल्याखेरीज बाहेर पडत नाही. आता कार बाहेर गेला, असे मानू. मग पहिल्या नियमानुसार ‘ॲलन बाहेर असेल, तर ब्राउन आत आहे’ आणि दुसऱ्यानुसार ‘ॲलन बाहेर असेल, तर ब्राउनही बाहेर आहे’. ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत; म्हणून कार कधीच बाहेर जाऊ शकत नाही, असा युक्तिवाद कोड्यातील एक पात्र करते.

वस्तुतः ती परस्परविरोधी नाहीत. ॲलन आत असेल, तर दोन्ही एकाच वेळी सत्य ठरतात. तेव्हा कार बाहेर असताना ॲलन बाहेर नसतो, एवढाच निष्कर्ष निघतो. असत्य विधानापासून कोणतेही विधान निष्पन्न होते, या तत्त्वाने कोडे सुटते, असे बर्ट्रंड रसेल यांनी १९०३ मध्ये दाखविले. ही भूमिका फिलोच्या मताशी जुळणारी आहे. १८९५ च्या दुसऱ्या लेखात कॅरलने ॲकिलीझ व कासव यांचा संवाद रचला. अनुमानाचा नियमही आणखी एक आधारविधान म्हणून मांडावा, असा कासवाचा आग्रह असतो. तो मान्य करताच त्या विधानासाठी आणखी एक विधान लागते आणि ही मालिका संपत नाही. यावरून आधारविधान आणि अनुमानाचा नियम यांतील भेद स्पष्ट होतो.

हे नियम माणूस प्रत्यक्षात कसे वापरतो, याची परीक्षा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी केली. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात चार पत्ते मांडलेले होते. त्यांच्या दर्शनी बाजूंवर अनुक्रमे स्वर, व्यंजन, सम अंक व विषम अंक होता. ‘एका बाजूस स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूस सम अंक असतो’ हा नियम तपासण्यासाठी स्वराचा व विषम अंकाचा पत्ता उलटणे आवश्यक होते. बहुतेकांनी विषम अंकाकडे दुर्लक्ष केले. ग्रिग्ज व कॉक्स यांनी १९८२ मध्ये हाच प्रश्न ‘बिअर पिणाऱ्याचे वय १९ वर्षांहून अधिक असले पाहिजे’ या परिचित नियमाच्या रूपात विचारला, तेव्हा सुमारे तीनचतुर्थांश व्यक्तींनी तो अचूक सोडविला. दोन्ही नियमांचा आकार एकच आहे. पण नियमभंग कोठे शोधावा, हे ओळखीच्या प्रसंगात सहज सुचते. अपरिचित प्रसंगी मात्र उत्तरांगाच्या निषेधाकडे जाणीवपूर्वक वळावे लागते.