घराचें खरेदीखत व घरपट्टीची पावती

जुन्या दप्तरांत घराचें खरेदीखत सांपडलें म्हणजे आपण तें जपून ठेवितों. त्याच रुमालांतील घरपट्टीच्या पावत्या मात्र रद्दी समजून टाकून देतों. ही चूक आहे, असें प्रस्तुत लेखकाचें नम्र मत आहे.

भूमीचें हस्तांतर सहा गोष्टींनीं होतें, असें एक स्मृतिवचन मिताक्षरेंत उद्धृत केलें आहे: ग्राम, ज्ञाति, सामंत व दायाद यांची अनुमति, आणि हिरण्य व उदक. पैकीं ग्रामाची अनुमति व्यवहार प्रकट व्हावा म्हणून, व सामंतांची म्हणजे शेजाऱ्यांची सीमेचा तंटा टळावा म्हणून, असा खुलासा विज्ञानेश्वर करितो. मराठी खतांतील साक्षी व चतुःसीमा हाच हेतु साधितात. पुढें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्यानें १०० रुपये व त्यावरील किंमतीच्या स्थावराच्या विक्रीखतास नोंदणी आवश्यक ठरविली. त्याच कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें, उलट करार नसल्यास, विक्रीच्या तारखेपर्यंतचें सरकारदेणें विकणाराकडे व मालकी पालटल्यावरचें घेणाराकडे येतें.

केवळ पावतीनें मालकी सिद्ध होत नाहीं, हें खरें. परंतु वहिवाटीस तिनें पुष्टि मिळते. खत एका दिवसाचा व्यवहार सांगतें. त्यानंतर घर कोणाकडे राहिलें, नांव केव्हां पालटलें, वाटणी केव्हां झाली, याचा माग पावत्यांच्या ओळींतूनच लागतो. तरी संग्राहकांस विनंति कीं, रुमाल फोडूं नये. खत व पावत्या एकत्रच ठेवाव्या.