ट्रॉम्बेचं काम

आमचे वडील बाळकुमहून रोज ट्रॉम्बेला जात. अणुऊर्जा केंद्राच्या वर्कशॉपात ते फिटर होते. कामाबद्दल घरात अवाक्षर काढत नसत आणि आईही विचारत नसे. ठाण्याची खाडी दक्षिणेला जिथे रुंद होते, त्या काठावर देशाच्या संरक्षणाचा केवढा प्रश्न हाताळला जात होता, ते मला इतिहास शिकवायला लागल्यावर कळलं.

16 ऑक्टोबर 1964 रोजी चीनने लोप नोरला अणुस्फोट केला. बासष्टच्या चीन युद्धाची जखम अजून ओली होती. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. नव्या डोंगरी डिव्हिजन उभ्या राहत होत्या. पण अणुबॉम्बपुढे डोंगरी डिव्हिजन काय करणार? आठवड्याभराने अणुशास्त्रज्ञ होमी भाभांनी आकाशवाणीवर हिशेब मांडला: दहा किलोटनांच्या स्फोटाला साधारण साडेसतरा लाख रुपये. पंतप्रधान शास्त्रीजींना मात्र बॉम्ब नको होता. त्या डिसेंबरात लंडनला जाऊन त्यांनी बड्या राष्ट्रांकडे हमी मागितली. पुढे 1967 साली पंतप्रधानांचे सचिव एल. के. झा त्याच मागणीसाठी मॉस्को, वॉशिंग्टनला गेले. हाती काय लागलं? 1968चा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक 255. अण्वस्त्रं नसलेल्या देशावर अण्वस्त्रहल्ला झाला, तर परिषद तातडीने पावलं उचलेल, एवढंच. आणि त्या परिषदेत बड्यांच्या हाती नकाराधिकार! एवढ्या भरवशावर कोट्यवधींचा देश सोडणं मला तरी कधी पटलं नाही.

9 ऑगस्ट 1971चा सोव्हिएत करार कामी आला, हे मी मोकळेपणाने मानतो. डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध चालू असताना अमेरिकेचं विमानवाहू जहाज ‘एंटरप्राइझ’ बंगालच्या उपसागरात शिरलं तेव्हा सोव्हिएत जहाजं त्याच्या मागावर होती. इकडे ठाण्यात ब्लॅकआउट. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला, भोंगा झाला की आई कंदिलाची वात खाली करायची. पण त्या करारातलं नववं कलम वाचा: हल्ल्याची धमकी आली तर दोघांनी तातडीने सल्लामसलत करायची. अण्वस्त्रांचा त्या कलमात उल्लेखच नाही.

मग 18 मे 1974. देशभर रेल्वेचा संप चालू होता आणि त्या शनिवारी रेडिओवर पोखरणच्या अणुस्फोटाची बातमी आली. प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या ‘सायरस’ अणुभट्टीतलं. भट्टी कॅनडाच्या मदतीची, जड पाणी अमेरिकेचं. दोन्ही दिली होती शांततेच्या कामासाठी. भारतानेही स्फोट शांततेसाठीच असल्याचं म्हटलं, आणि कॅनडाने अणुसहकार्य थांबवलं. वडिलांनी बातमी ऐकली, रेडिओ बंद केला आणि जेवायला बसले.

मैत्री करावी, करार करावेत, गरज पडेल तेव्हा ते वापरावेतही. पण शेजाऱ्याकडे अण्वस्त्र असताना आपल्या जिवाची हमी दुसऱ्यावर सोपवता येत नाही, हे त्या दहा वर्षांनी दाखवलं. मे 1998च्या अणुचाचण्यांनंतर भारताने जाहीर केलं की अण्वस्त्राचा पहिला वापर आपण करणार नाही. माझ्या मते धाक आणि संयम यांची हीच जोडी योग्य आहे, आणि ती मोडू नये.