कमी उजेडात कोळ्यांची मॅक्रो फोटोग्राफी: फ्लॅशशिवाय डोळे शार्प कसे आणायचे?

पाच मिलिमीटरचा कोळी, डोक्यावर झाडांची दाटी, वर पावसाळी ढग आणि फ्लॅश नाही. कॅमेऱ्यासाठी यापेक्षा अवघड पेपर क्वचितच असेल. मी पनवेलला राहतो. इथून साधारण १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. पावसाळ्यात तिथल्या झाडांखाली भर दुपारीही संध्याकाळ वाटते. अशा उजेडात कोणती सेटिंग्ज चालतात आणि का, ते या लेखात आकड्यांसह पाहू.

डोळे इतके महत्त्वाचे का?

बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांची मांडणी कुळानुसार बदलते. जंपिंग स्पायडर, म्हणजे उड्या मारणाऱ्या कोळ्यांत पुढच्या रांगेतले मधले दोन डोळे हेडलाइटसारखे मोठे असतात. गवतावर दिसणाऱ्या लिंक्स स्पायडरचे सहा डोळे षटकोनात असतात. नेमकी जात ठरवायला बऱ्याचदा सूक्ष्मदर्शक लागतो, पण कुळ ओळखायला डोळ्यांचा स्पष्ट फोटो खूप मदत करतो.

आणि नोंदींना आपल्या भागात खरंच किंमत आहे. इसियस तुकारामी हा जंपिंग स्पायडर २०२१ साली ठाणे-मुंबई परिसरातून नवीन जाती म्हणून नोंदवला गेला. २६/११ च्या हल्ल्यात कसाबला पकडताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांचं नाव त्याला दिलं आहे. शहराला खेटून नवीन जाती सापडतात, तर आपल्या फोटोतला कोळी निदान ओळखण्याइतका स्पष्ट असायला हवा.

उजेड जातो कुठे?

मॅक्रोमध्ये लेन्स तीच प्रतिमा मोठी करून सेन्सरवर पसरवते, त्यामुळे प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला कमी प्रकाश येतो. हिशोब सोपा आहे: परिणामी अॅपर्चर = लिहिलेलं अॅपर्चर × (१ + मॅग्निफिकेशन). म्हणजे १:१ ला, जिथे ५ मिमीचा कोळी सेन्सरवरही ५ मिमी पडतो, तिथे एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं. उजेड चौपट कमी.

आता झाडांखालचा उजेड कडक उन्हाच्या १२८ पट कमी धरू. पावसाळ्यात हे सहज घडतं. आयएसओ ३२००, एफ/८ आणि एपीएस-सी सेन्सर धरला तर साधारण असं चित्र दिसतं:

- २ पट मॅग्निफिकेशन: शटर १/१५ सेकंद, फोकसमध्ये राहणारी खोली ०.२ मिमी
- १ पट: शटर १/३०, खोली ०.६ मिमी
- अर्धा पट: शटर १/६०, खोली १.९ मिमी

हलण्याचं गणितही बघा. पान सेकंदाला फक्त १ मिमी डोलतंय आणि शटर १/३० आहे. १:१ ला प्रतिमा ०.०३३ मिमी सरकते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर हे आठ-नऊ पिक्सेल झाले. डोळा पुसला गेला!

मग करायचं काय?

१. मॅग्निफिकेशन कमी करा, नंतर क्रॉप करा. वरची यादी हेच सांगते. अर्ध्या पटीला शटर जवळपास दुप्पट वेगवान मिळतं. फुकट मात्र काही नाही: क्रॉप करून १:१ एवढंच मोठं पाहिलं तर खोलीचा फायदा दीडपटीवर येतो आणि नॉइजही जास्त दिसतो. तरी ५ मिमीचा कोळी ६४० पिक्सेल रुंद मिळतो. डोळ्यांची मांडणी मोजायला तेवढे पुरतात.

२. आयएसओला घाबरू नका. नॉइज सॉफ्टवेअरने बराच कमी होतो, हललेला डोळा नीट होत नाही. रॉ फॉरमॅट ठेवा आणि एक्स्पोजर जागेवरच बरोबर घ्या, कारण काळा पडलेला फोटो नंतर उजळला की नॉइजच वर येतो. कोळी अगदी स्थिर असेल तर चार फोटो एकावर एक जुळवून सरासरी काढा. नॉइज निम्मा होतो.

३. अॅपर्चर एफ/५.६ ते एफ/८ ठेवा. १:१ ला एफ/१६ म्हणजे प्रत्यक्षात एफ/३२. तिथे खोली वाढते, पण डिफ्रॅक्शनमुळे बारकावे मऊ पडतात आणि उजेडही जातो.

४. स्टॅबिलायझेशनवर पूर्ण विसंबू नका. साधं स्टॅबिलायझेशन कॅमेऱ्याचं झुकणं सावरतं. मॅक्रोमध्ये कॅमेरा आडवा-उभा सरकण्याचा त्रास जास्त असतो. कॅननने २००९ मध्ये १०० मिमी मॅक्रोत आणलेलं हायब्रिड स्टॅबिलायझेशन किंवा पाच अक्षांचं सेन्सर स्टॅबिलायझेशन तिथे उपयोगी पडतं. पण पान हललं तर दोन्हीचा इलाज नाही.

५. फोकस मॅन्युअल ठेवा. मॅग्निफिकेशन आधी ठरवा, मग रिंग न फिरवता अख्खा कॅमेरा मिलिमीटरभर पुढे-मागे करत पाच-सहा फोटोंचा बर्स्ट घ्या. कोपर गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकवा.

६. उजेड उचलून आणा. पांढरा पुठ्ठा, थर्माकोलचा तुकडा किंवा वेफर्सच्या पाकिटाची चंदेरी आतली बाजू कोळ्याच्या सावलीकडे धरा. ढगाळ उजेड मुळात मऊ असतो, त्यामुळे चकचकीत डोळ्यांवर फ्लॅशसारखे कडक पांढरे ठिपके येत नाहीत.

कोणापासून सुरुवात करायची?

फुलावर दबा धरून बसणारा क्रॅब स्पायडर बराच वेळ हलत नाही, १/३० लाही साथ देतो. जंपिंग स्पायडर चालतो, थांबतो, वळून लेन्सकडे बघतो. बर्स्ट त्या थांब्यातच घ्यायचा. पहिल्या पावसानंतर दिसणारा लाल मखमली मृगाचा किडाही यादीत ठेवा. नाव किडा असलं तरी तो आठ पायांचा माइट, कोळ्यांचा नातेवाईक आहे. तो सतत चालतो, म्हणून १/१२५ च्या खाली जाऊ नका. मॅग्निफिकेशन मात्र आणखी कमी चालतं.

मोबाइल असेल तर?

बऱ्याच फोनचा मॅक्रो मोड अल्ट्रावाइड कॅमेरा वापरतो. त्यासाठी फोन दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावा लागतो आणि फोनचीच सावली कोळ्यावर पडते. त्यापेक्षा मुख्य किंवा टेलिफोटो कॅमेऱ्यावर क्लिपची मॅक्रो लेन्स लावा, फोकस लॉक करा आणि इथेही फोन पुढे-मागे करा.

शेवटचं: फोटोसाठी कोळी उचलून उजेडात नेऊ नका, जाळं तोडू नका. अभयारण्यात तर प्राण्यांना हात लावायचाच नाही. तो कुठल्या पानावर, कुठल्या फुलावर बसला होता हीसुद्धा नोंदच असते. जागा बदलली की ती माहिती गेली. तारीख आणि ठिकाण फोटोसोबत लिहून ठेवा.