मोहाची पहिली धार कोणाची? किनवट, शिंदीबन आणि बरगंडीची मंडळी

मागच्या व्याख्यानात आपण निजामी राजवटीतला जमीन महसूल पाहिला. आज आबकारीकडे, म्हणजे दारूवरच्या करवसुलीकडे येऊ. सुरुवात मात्र जरा लांबून, फ्रान्समधून करावी लागेल.

बरगंडी प्रांतात वाईन रसिकांची एक प्रसिद्ध मंडळी आहे, 'शेव्हालिए द्यु तास्तव्हॅं'. लाल-सोनेरी झगे, गळ्यात फितीला अडकवलेली चव घेण्याची चांदीची वाटी, नव्या सभासदाच्या खांद्याला द्राक्षवेलीचं खोड टेकवून दीक्षा आणि मग पंगत. पाहणाऱ्याला वाटावं, हे पाच-सातशे वर्षं चालत आलंय. स्थापना मात्र 1934 सालची! तेव्हा मंदी होती, तळघरांत वाईन पडून होती, गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून तिथल्याच लोकांनी जुन्या मंडळींच्या धर्तीवर हा थाट उभा केला. 1944 मध्ये मंडळीने क्लो द वूजो हा वाडाच विकत घेतला. मुद्दा एवढाच की पेय, जागा आणि विधी, तिन्ही त्यांच्या हातात होतं.

आता आपल्याकडे या. नांदेड जिल्ह्यातला किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. इथल्या राजगोंडांत कुळाच्या देवाची, पेर्सा पेनाची पूजा होते. कुळातले लोक गावोगावहून जमतात. पुजारी असतो कटोडा. परधान किंगरीवर कुळाची कथा गातो. मोहाची दारू आधी देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. त्यानंतर सगळ्यांचं एकत्र जेवण. कोण कोणत्या सगाचा, कोणाचा मान काय, हे त्या पंगतीत ठरलेलं असतं. बघा, दीक्षेचा झगा सोडला तर रसिक मंडळीत असतं ते सगळं इथे आहे: नियम, क्रम, गायन, स्मरण आणि एकत्र पिणं.

मग फरक कुठे पडला? फरक पडला मालकीत. मोहाची फुलं फाल्गुन-चैत्रात रात्री गळतात, पहाटे बायका-पोरं ती वेचतात, वाळवून ठेवतात. झाड जंगलातलं, कष्ट घरचे. पण दारू गाळण्याचा हक्क सरकारचा, आणि सरकारने तो मक्तेदाराला विकलेला. म्हणजे देवापुढे ठेवायची दारू घरी गाळली की गुन्हा, मक्तेदाराकडून आणली की कायदेशीर! एकाच्या हातातला विधी दुसऱ्याच्या हातातला महसूल झाला.

हैदराबाद सरकारच्या तिजोरीला आबकारीचा मोठा आधार होता. म्हणूनच 1947-48 च्या मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसच्या कार्यक्रमात शिंदीची झाडं तोडणं आलं. स्वामी रामानंद तीर्थ त्या लढ्याचे नेते, आज नांदेड-लातूरच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. मराठवाड्यात शिंदीबनांवर कुऱ्हाडी चालल्या. झाड पडलं की मक्ता पडतो, मक्ता पडला की तिजोरीला खिंडार पडतं, असा साधा हिशेब. तो लढ्याच्या दृष्टीने बरोबरच होता. पण त्या झाडावर चढून पोट भरणाऱ्याचं काय? त्याची नोंद आपल्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात क्वचितच सापडते. आम्हाला वाटतं, ती व्हायला हवी.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी गेली. पुढे दारूबंदीचा कायदा आला, परवाने आले. किनवटच्या गोंडाच्या दृष्टीने मक्तेदार बदलला, पण गाळण्याचा हक्क घरी परत आला नाही. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंध सैल केले. फुलं मोकळी झाली, भट्टी नाही.

बरगंडीत 1934 ला सुरू झालेल्या मंडळीला जग परंपरा म्हणतं. किनवटच्या कुळाच्या पूजेतली दारू मात्र पोलिसांच्या पंचनाम्यात 'हातभट्टी' म्हणून येते. दोन्हीकडे माणसं एकत्र बसून, ठरलेल्या क्रमाने, आपल्या मातीतलं पेय पितात. परंपरा आणि गुन्हा यांतली रेघ ते पेय कसं आहे यावरून पडलेली नाही, ते कोणाच्या ताब्यात आहे यावरून पडली आहे.

पुढच्या वेळी आपण करोडगिरी आणि सरहद्दीवरचे नाके पाहू.