अशील: शीलाचा की असलाचा?

'रम्पोल ऑफ द बेली' या ब्रिटिश मालिकेचा 1978 मधला पहिला भाग पाहताना 'अशील' हा शब्द मनात घोळू लागतो. खाटकांना लुटल्याच्या आरोपावरून 16 वर्षांचा जिम टिमसन, बॅरिस्टर रम्पोलचा पक्षकार, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. दक्षिण लंडनमधले हे टिमसन घराणे पिढीजात चोरट्यांचे. संस्कृताला सरावलेला कान 'अ + शील' अशी फोड करतो आणि टिमसनांना ती शोभतेही. तरी ती फसवीच. मूळ अरबी 'असील' असावे.

'स'चा 'श' कसा झाला? नसीब, हासिल, वसीला यांचे आपण नशीब, हशील, वशिला केले. 'इ-ई'च्या शेजारी 'स' तालव्य करण्याची मराठीची ही जुनी खोड दिसते. 'असील' म्हणजे मुळाचा, कुळीचा. झुंजीच्या कोंबड्यांची 'असील' जात याच अर्थाची. 'अस्सल' हे त्याचे सख्खे भावंड.

मग कुळीचा तो पक्षकार कसा झाला? उर्दू समन्समधल्या 'असालतन या वकालतन' या जोडीत उत्तर सापडते: स्वतः हजर राहा, किंवा वकिलामार्फत. असील हा मूळ धनी, आणि वकील, 'वकल' म्हणजे सोपवणे या धातूवरून, ज्याच्यावर काम सोपवले तो. म्हणूनच पेशवाईत परदरबारी राहणारा प्रतिनिधीही वकीलच. हिंदीने त्याच धातूचा 'मुवक्किल', म्हणजे काम सोपवणारा, पसंत केला; मराठीने मात्र जोडीतला 'असील' राखला असे दिसते.

इंग्रजी 'क्लायंट'चे कूळ याच्या अगदी उलट. लॅटिन 'क्लिएन्स' म्हणजे रोममधल्या मातब्बराचा आश्रित. तिथे पक्षकार वकिलाच्या सावलीत, इथे वकील पक्षकाराचा हस्तक.

मालिकेचे लेखक जॉन मॉर्टिमर स्वतः बॅरिस्टर होते, आणि लिओ मॅकर्नने रंगवलेला रम्पोल इंग्रज असूनही मला अरबी अर्थाच्या जवळचा वाटतो. न्यायालयात आवाज त्याचाच घुमतो, पण गुन्हा कबूल करायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क जिमचा. टिमसनांच्या शीलाचा निवाडा काहीही होवो, खटल्यात असील तेच. आणि हा मान आरोपीला देणारा शब्द मराठीने जपला, याचे मला मोठे अप्रूप आहे.